आत्याबाईंचा गूळ

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. बाजारात शेंगदाणे घेताना मी वरचे सोडून पोत्याच्या तळाला हात घालते. कुणी कारण नसताना गोड बोललं की माझे कान टवकारतात. आई म्हणायची, हिला देव भेटला तरी ही आधी त्याला गाव विचारील. म्हणू दे. नर्सच्या नोकरीत या स्वभावाने मला जेवढं तारलं तेवढं पुस्तकांनी नाही. "ताप न्हाई ओ बाई" असं सांगणाऱ्या बाईच्या कपाळाला हात लावल्याशिवाय मी कधी पुढे गेले नाही.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा पारनेर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नर्स होते. एक दिवस वरून आदेश आला: नगरला मधुमेहाचं एक दिवसाचं प्रशिक्षण, सगळ्यांनी हजर राहावं. जेवण फुकट, खांद्याला लावायची पिशवी फुकट, आणि एक कंपनी येऊन रक्ताच्या थेंबावरून साखर सांगणारं मशीन दाखवणार. तोवर आम्ही लघवी परीक्षानळीत घालून, औषध मिसळून, स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचो. निळी राहिली तर ठीक, विटकरी झाली तर साखर. त्यात फसवाफसवीला जागा नव्हती. आता कंपनी मशीनही देणार आणि जेवायलाही घालणार म्हटल्यावर कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला आदेश वाचतानाच वाटलं.

मार्च सरत आला होता. एसटीतून उतरून हॉलपर्यंत चालत जाईतो साडी पाठीला चिकटली. हॉल हॉस्पिटलच्या आवारातला, पत्र्याचा, पंखे फिरायचे पण वारा कुठे जायचा कोण जाणे. हात धुवावेत म्हणून नळ फिरवला तर नळ कोरडा. "पाणी दुपारी, टँकर आल्यावर," शिपाई म्हणाला. प्यायला म्हणून दाराशी एक माठ तेवढा भरून ठेवला होता.

माठाच्या शेजारीच आत्याबाई उभ्या होत्या. त्या काही माझ्या आत्या नव्हेत. श्रीरामपूरकडच्या एका आरोग्य केंद्रात त्या सहायिका होत्या, म्हणजे आम्हा नर्सांच्या वरच्या. मीटिंगांना भेटून ओळख झालेली. त्यांच्या भाच्याचं लग्न त्यांच्याच हाताखालच्या एका नर्सशी ठरत होतं, म्हणून महिन्याभरापासून आम्ही त्यांना चेष्टेने आत्याबाई म्हणायला लागलो होतो. त्यांनाही ते आवडायचं.

ती नर्स म्हणजे कोपरगावकडची एक कमी बोलणारी पोरगी. आत्याबाईंनीच तिला काम करताना पाहून भावाला सांगितलं होतं, सून आणायची तर ही. आणि भावाच्या घरात आत्याबाईंच्या शब्दापुढे कुणी जात नसे. मुलगा साखर कारखान्यात नोकरीला. पोरीचं आधी एक स्थळ ठरून मोडलं होतं. एकदा मोडलं तर लोक म्हणतात, नशीब. दुसऱ्यांदा मोडलं की पोरीतच खोट काढतात. शिवाय हा मुलगा तिला मनापासून आवडला होता. हे तिनेच मला मागच्या मीटिंगला कान लाल करून सांगितलं होतं. कारखान्याचं गळीत संपलं की साखरपुडा करायचा होता.

आत्याबाईंच्या हातात मोठा स्टीलचा डबा होता. "घ्या, आमच्या दादाच्या उसाचा गूळ हाय. कालच गुऱ्हाळावरनं आलाय. उन्हातनं आल्यावर नुसतं पानी पिऊ न्हाई." गूळ मऊ, ताजा, बोटाला लागला की सुटेना. प्रत्येकीला त्यांनी स्वतः खडा दिला, पोरीला सगळ्यांत मोठा. "खा गं, लाजतीस काय." पोरीने दोन्ही हातांनी घेतला. आम्ही गूळ खाल्ला, वरून तांब्याने पाणी प्यायलो, बोटं चाटली, रुमालाला पुसली आणि आत जाऊन बसलो. मधुमेहाच्या वर्गाची सुरुवात गूळ वाटून व्हावी, हे आमच्या जिल्ह्यालाच शोभतं.

आता माझा डोळा. सगळ्यांना वाटून झालं तरी आत्याबाईंनी स्वतः गुळाचा कण तोंडात टाकला नाही. "तुम्ही नाही घेत?" म्हटलं, तर म्हणाल्या, "ॲसिडिटी हाय मला." थोड्या वेळाने चहा आला, तेव्हाही शिपायाला त्या हळूच म्हणाल्या, मला बिनसाखरेचा. ॲसिडिटीला साखरेचं काय वावडं? मनात गाठ मारून ठेवली.

सकाळी एका वयस्कर डॉक्टरांनी शिकवलं. चांगलं शिकवलं, उगाच कशाला नाही म्हणू. दोन गोष्टी त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितल्या. पहिली अशी, की वाढलेली साखर माणसाला वर्षानुवर्षं पोखरते, पण उतरलेली साखर तासाभरात घात करते. गोळी घेतली आणि जेवण चुकलं की घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस विनाकारण चिडतो, असंबद्ध बोलतो. अशा वेळी शुद्धीवर आहे तोवर आधी तोंडात गोड घाला, कारणं नंतर शोधा. दुसरी गोष्ट, पेशंटचा आजार चारचौघांत बोलू नका. "गावात कळलं की लग्नं अडतात. म्हणून लोक लपवतात, आणि लपवतात म्हणून मरतात," ते म्हणाले. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मग ते वॉर्डात राऊंडला गेले आणि हॉल कंपनीच्या माणसाच्या ताब्यात आला.

हा माणूस टाय लावलेला, वाक्यागणिक 'मॅडम'. सुई प्रत्येकीला नवी घ्यायचा, तेवढं खरं. पण स्पिरिटचा बोळा एकच, तोच ओळीने सगळ्यांच्या बोटांवर फिरवत होता. बोट टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा, जरा थांबून पुसायचा, पट्टी मशीनमध्ये घालायची आणि आलेला आकडा मोठ्याने वाचायचा. चारचौघांत बोलू नका हा धडा ऐकून अजून खुर्च्या गरम होत्या.

पहिलीचा आकडा दोनशेच्या वर. दुसरीचाही. तिसरी तर रडकुंडीला आली. माझी पाळी आली, माझाही दोनशेच्या वर. "आमच्या बापजाद्यांत कुणाला नाही," मी म्हटलं. "पहिल्यांदा सगळे असंच म्हणतात मॅडम. शुगर छुपी असते," तो गोड हसून म्हणाला. मला असला राग आला की ते मशीन त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं. या मशीनला घरूनच पढवून आणलंय, माझी खात्रीच झाली. आधी सगळ्यांना आजारी ठरवायचं आणि मग औषध पुढे करायचं.

आणि मग पोरीचा आकडा आला. तीनशेच्याही वर. "हॉलमध्ये सगळ्यात जास्त," कंपनीचा माणूस म्हणाला, एखादीचा पहिला नंबर आल्यासारखा.

आत्याबाई पुढच्या रांगेत होत्या. त्यांनी वळून पोरीकडे पाहिलं. सकाळी गूळ देताना जी नजर होती ती ही नव्हती. त्यांची स्वतःची पाळी आली तेव्हा, "माझ्या बोटाला कापलंय," म्हणाल्या आणि पदर सावरत व्हरांड्यात निघून गेल्या. बोटाला काही कापलेलं नव्हतं. सकाळी त्याच बोटांनी त्यांनी मला गूळ दिला होता.

दुपारी टँकर आला आणि जेवणं सुरू झाली. आत्याबाई जेवायला येईनात म्हणून मी त्यांच्याकडे गेले. त्या व्हरांड्याच्या कठड्याला टेकून बसल्या होत्या.

"भूक न्हाई," त्या म्हणाल्या. "दादाला आज घरी गेल्या गेल्या सांगते. हे स्थळ न्हाई जमायचं."

"अहो, एका थेंबावरून?"

"थेंब असो न्हाईतर घागर असो. आजार झाकून पोरगी आमच्या गळ्यात मारीत हुते. उद्या लेकरंबाळं व्हायची, तवा कुनी निस्तरायचं?"

"तिला तरी कुठं माहीत होतं?"

"नर्सला माहीत न्हाई? ज्याचं त्याला कळतं, बाई. कळतं आन् मानूस झाकतो. दिवसभर झाकतो. मला नका शिकवू."

हे शेवटचं त्या फारच ठामपणे बोलल्या. एवढी खात्री माणसाला दुसऱ्याविषयी कुठून येते? तेवढ्यात माझं लक्ष नळाकडे गेलं. पोरगी तिथे ताट घासत उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ताट केव्हाच लख्ख झालं होतं, तरी ती घासतच होती. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला, पण नेमका कुणाचा यावा हे ठरेना.

मी हॉलमध्ये परतले तर तिथे वेगळीच गडबड. टोचल्यावर बोटांवर दाबायला दिलेले कोरडे बोळे ज्या ट्रेमध्ये टाकले होते त्याला मुंग्या लागल्या होत्या. "बघा, आता मुंग्याच साक्ष द्यायला आल्या. सगळ्यांना साखर हाय," एक जण म्हणाली. मी लिहायला म्हणून माझं पेन उचललं, तर पेनलाही मुंग्या. लघवीला मुंग्या लागतात हे मी पाहिलं होतं. पण पेनला मधुमेह कुठून झाला?

मी त्या मुंग्यांच्या मागे लागले. रांग ट्रेपासून टेबलाच्या पायावरून खाली, भिंतीने वर, व्हरांड्याकडच्या खिडकीत. खिडकीत आत्याबाईंचा गुळाचा डबा. झाकणावर मुंग्यांची जत्रा भरलेली. मी माझी बोटं एकमेकांवर घासून पाहिली. जेवणाआधी पाणी घालून धुतलेली, त्यामुळे आता कोरडी होती. सकाळी मात्र चिकट होती, सगळ्यांचीच होती. त्यात त्या बाबाने एकच बोळा सगळ्यांच्या बोटांवर फिरवलेला. आणि सगळ्यांत मोठा खडा कुणाला मिळाला होता?

डॉक्टर राऊंडवरून आले तसं मी त्यांना गाठून सांगितलं. ते हसले नाहीत की रागावले नाहीत. "साबणाने हात धुवून या सगळ्या," एवढंच म्हणाले आणि पुन्हा तपासायला स्वतः बसले. माझा आकडा सरळ खाली आला. रडकुंडीला आलेलीचाही आला. पोरीचा तर इतका व्यवस्थित आला की डॉक्टर म्हणाले, "हिला काहीही नाही. थेंब एवढासा असतो, त्यात बोटावरचा गूळ मिसळला की मशीन तरी काय करणार?" कंपनीचा माणूस म्हणाला, हात धुवायचं मी सांगणारच होतो. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

पोरीला आणि डॉक्टरांना घेऊन मी व्हरांड्यात गेले. बाकीच्या आत चहाला थांबल्या होत्या. आत्याबाई तिथेच, त्याच कठड्याशी. डॉक्टरांनी त्यांना सगळं नीट समजावलं.

"सकाळी एक बोलतंय, दुपारी दुसरं," आत्याबाई म्हणाल्या. "ज्या मशीनची जबान फिरती त्याच्यावर कसा इस्वास ठेवायचा?"

आता हे तर माझंच म्हणणं होतं.

"तुमी समदे मिळून मला येड्यात काढताय," त्यांचा आवाज चढला. "मी काय अडानी हाय? दादाला... दादाची गाडी लागली का? पिशवी कुठं गेली माझी?" पिशवी त्यांच्या मांडीवरच होती. वरच्या ओठावर घामाचे थेंब जमले होते. म्हटलं, उन्हाचा घाम. चष्मा नीट करायला त्यांनी हात उचलला तर हात लटलट कापत होता.

"ऊन लागलंय बहुतेक, पाणी आणा," डॉक्टर म्हणाले. मी वळेपर्यंत पोरगी खिडकीपाशी पोचली होती. तिने डबा उघडला, मुंग्या झटकल्या आणि गुळाचा खडा आत्याबाईंच्या तोंडात सारला. आत्याबाई तिचा हात ढकलायला लागल्या. तिने एका हाताने त्यांची पाठ धरली. "चावा, आत्याबाई. मी धरलंय तुमाला. चावा आन् गिळा." आत्याबाईंनी गिळला. तिने दुसरा खडा दिला, मग पाणी दिलं.

डॉक्टर क्षणभर पोरीकडे पाहतच राहिले. मग त्यांनी आत्याबाईंचं बोट धुवून, पुसून टोचलं, मशीनवर आकडा पाहिला आणि तो कुणाला न दाखवता मशीन बंद केलं. थोड्या वेळाने आत्याबाईंचा घाम ओसरला, डोळे जागेवर आले. तोवर आतल्या बायका दारात जमल्या होत्या. "यांना उन्हाचा त्रास झालाय, आता ठीक आहेत," डॉक्टर मोठ्याने म्हणाले आणि दार लोटून घेतलं.

ऊन म्हणे. बिनसाखरेचा चहा, न खाल्लेला गूळ, न कापलेलं बोट, चुकलेलं जेवण. माझ्या मनातली गाठ आपोआप सुटली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. मघाशी हीच बाई त्या पोरीचं लग्न मोडायला निघाली होती. माझ्या जिभेवर आलंच, "काय आत्याबाई, ॲसिडिटी..." तेवढ्यात पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं. मला तोंड मिटायला लावणारी माणसं फार नाहीत.

संध्याकाळी आम्ही एसटी स्टँडवर आलो. आत्याबाई पुढे चालत होत्या, दिवसभरात मान जरा खाली गेलेली. त्यांची श्रीरामपूरची गाडी लागली, मला पारनेरची पकडायची होती. मी पोरीला मागे ओढलं.

"तुला कसं कळलं? डॉक्टरसुद्धा ऊन म्हणाले."

"सकाळी येकाच गाडीनं आलो ना. राहुरीच्या पुढं त्यांनी खिडकीकडं तोंड करून गोळी घेतली. नर्सला शुगरच्या गोळ्यांची पट्टी वळखू येत न्हाई व्हय?"

"म्हणजे हॉलमध्ये तुझ्यावर एवढं आलं, तेव्हा तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस? एक वाक्य बोलली असतीस तर त्यांचं तोंड बंद झालं असतं."

तिने खांद्यावरची कंपनीची पिशवी सारखी केली. "ताई, सकाळी डॉक्टर काय म्हनले? पेशंटचं चारचौघांत बोलायचं न्हाई."

"त्या तुझ्या पेशंट कधी झाल्या?"

"गोळी दिसली तवाच झाल्या की."

मग तीच म्हणाली, "लई वाटत हुतं बोलावं. ताट घासताना दोनदा पार तोंडात आलं हुतं. माझं स्थळ चाललं हुतं ना, ताई."

श्रीरामपूरच्या गाडीला झुंबड उडाली होती. आत्याबाई चढल्या होत्या आणि त्यांची पिशवी शेजारच्या सीटवर दिसत होती. कुणी एक माणूस ती पिशवी उचलून बसायला लागला. खिडकीतून आत्याबाईंचा आवाज आला, मीटिंगमध्ये असायचा तसा खणखणीत: "उठा तिथनं. आमची भाचसून येतीय."

पोरगी जागच्या जागी उभी राहिली. दिवसभरात तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ते तेव्हा आलं. मग पदराने तोंड पुसून ती गर्दीत घुसली.

आता खरं सांगायचं तर मी खुशीत नव्हते. माझ्या डोक्यात नवीनच किडा वळवळायला लागला होता. ही बाई पोरीला घरात घेतेय ती पोरगी गुणाची आहे म्हणून, की तिचं तोंड घरातल्या घरात बंद राहावं म्हणून? गुपित माहीत असलेली सून ही सून होते की पहारेकरी होते? असलं पोरीला विचारून तिचा जीव कशाला घाबरा करायचा, म्हणून मी तिथेच खिडकीखाली उभी राहिले आणि आत पाहत राहिले.

पोरगी शेजारी बसल्यावर आत्याबाईंनी पिशवीत खोल हात घातला आणि गोळ्यांची ती पट्टी बाहेर काढली. खिडकीकडे तोंड फिरवलं नाही, पदराआड धरली नाही. पलीकडच्या बाकावरची माणसं पाहत असताना ती पोरीच्या हातात दिली. "दादाला हे तूच समजावून सांग," त्या म्हणाल्या. "माझ्यानं न्हाई व्हायचं."

पोरीने पट्टी घेतली, उलटी करून मागची तारीख वाचली आणि मग आपल्या पिशवीत ठेवली. तारीख बघितल्याशिवाय ठेवली नाही, हे मला फार आवडलं. गाडी हलली. मीही पारनेरच्या गाडीची पाटी शोधायला वळले.